थोरल्याच्या वाटचं

रविवारी सकाळी मालाडच्या बाजारात कॉस्मस परेराला त्याची आई दिसली, आणि हाक मारायची सोडून तो एका केळेवाल्याच्या गाडीआड उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मेलेल्यांचा दिवस होता. कबरीवर लावायला मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं घ्यायला तो कांदिवलीहून आला होता. आई मनोरीची. खाडीपलीकडची बाई बाजाराला मालाडला येते यात नवल काही नव्हतं. रॉकेल, मिरच्या, लुगडं, सगळं ती इथूनच नेई. पण आज ती मासळीवालीपुढे वाकली होती आणि तिच्या हातात शिवल्या होत्या. ओल्या गोणपाटावर पसरलेल्या काळपट शिंपल्यांतली एकेक उचलून ती दुसरीवर वाजवून बघत होती, पोकळ वाजली की परत टाकत होती. मग तिने पदराची गाठ सोडली आणि पैसे दिले. जन्मात या बाईने शिवली विकत घेतली नव्हती. ओहोटीला चिखलात उतरायचं, पायाच्या अंगठ्याने चाचपायचं, छोट्या कोयतीने उकरायचं आणि टोपली भरून घरी यायचं, एवढंच तिला ठाऊक. मासळीवालीला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती म्हणाली, "घे ना आजी, एकदम ताजी हाय," आणि आजीने मान हलवून पिशवी पुढे केली. चोरी करताना आपल्याच माणसाला बघावं, तसा कॉस्मस शरमला. आई चोरी करत नव्हती; उलट रोख देऊन घेत होती. मग शरम कुणाची, हे काही त्याला तेव्हा उमगलं नाही.

त्या शिवल्या कशासाठी हे मात्र त्याला सांगायला नको होतं. मेलेल्यांच्या दिवशी त्यांच्या घरी थोरल्याचं ताट मांडायचं. थोरला म्हणजे त्याचा मोठा भाऊ, तोही कॉस्मसच. चार वर्षांचा असताना तापाने गेला. त्याला शिवल्यांचा रस्सा आवडायचा, तापातही तोच मागत होता म्हणे. त्यानंतर वर्षभराने हा झाला, आणि बाबाने ह्याचंही नाव कॉस्मस ठेवलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी म्हातारे फादर आईला म्हणाले होते, 'ल्युसी, देवाने भरपाई केली हो.' हे त्याने इतक्यांदा ऐकलं होतं की ते आपल्या आठवणीतलंच आहे असं त्याला वाटे. भरपाई हा शब्द तो असा आईच्या दुधाबरोबर शिकला. चर्चमागच्या कबरस्तानात एक ठेंगणा क्रूस होता. वाचायला शिकल्यावर त्याने पहिल्यांदा जे स्वतःचं नाव कोरलेलं पाहिलं ते त्या क्रूसावर. सगळी पोरं कबरींवर मेणबत्त्या लावताना खिदळत असत, हा मात्र आपल्या नावासमोर मेणबत्ती धरून उभा राही आणि वितळलेलं मेण बोटांवर सांडलं तरी हलत नसे. घरी आल्यावर भिंतीवरच्या फोटोपुढे भाताचं आणि शिवल्यांच्या रश्शाचं ताट ठेवलेलं असे. प्रार्थना संपली की आई ते ताट उचलून ह्याच्यापुढे सरकवी. अन्न वाया घालवायचं नाही. 'खा. थोरल्याच्या वाटचं बी तूच खा.' तो खाई. स्वतःचं खाऊन पोट भरलेलं असे, तरी खाई. दर वर्षी, मिशा फुटल्या तरी, लग्न झालं तरी, बायको, ऑलिव्ह, शेजारी बसून बघत असली तरी. आपण कुणाच्या तरी जागेवर बसलो आहोत, ती उबदार आहे, पण ऊब आपली नाही, असं त्याला त्या ताटासमोर नेहमी वाटायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. असलं काही सांगण्यासारखं असतं असंही त्याला वाटत नसे.

आई पिशवी सांभाळत बसस्टॉपकडे निघाली. तो मागोमाग निघाला, अंतर ठेवून. झेंडूची फुलं घ्यायची राहिलीच. त्याच्या डोक्यात आता शिवल्या वाजत होत्या आणि त्यांच्यामागे कोठारे साहेबांचा आवाज. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत त्याची कंपनी होती, रंग बनवणारी, आणि तो तिथे व्यवस्थापनाच्या खात्यात चढत चढत बऱ्यापैकी खुर्चीवर पोचला होता. कंपनीने कांदिवलीला खाडीलगतचं खाजण, भरतीला पाण्याखाली जाणारी दलदल, घेतलं. अर्ध्या खाजणात भराव टाकून गोदाम आणि नोकरांसाठी वसाहत बांधली. उरलेल्या अर्ध्यावर नवा कारखाना यायचा होता. सरकारने अट घातली की जेवढी तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, मोडाल त्याच्या दुप्पट दुसरीकडे लावून जगवून दाखवा, मग पुढच्या अर्ध्याचं बोला. मार्तंड कोठारे साहेबांना ही अट मनापासून आवडली होती. ते काही वाईट गृहस्थ नव्हते; टेबलावर कुंडी ठेवत, तिला स्वतः पाणी घालत. 'परेरा, इकडे एक घेतलं, तिकडे दोन दिले. निसर्गाचं आपण काही बुडवलं नाही. भरपाई चोख,' ते म्हणाले होते. आणि भरपाई म्हटल्यावर कॉस्मसच्या तोंडून आपोआप निघून गेलं, 'आमच्या मनोरीला जागा आहे, साहेब. खाडीच्या काठाला नुसता चिखल पडलाय. रिकामा.' त्यात लबाडी नव्हती. उलट त्याला गावासाठी काहीतरी केल्याचं समाधान वाटलं होतं. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात तिवरांच्या बिया रोवल्या गेल्या, भोवती बांबूचं कुंपण घातलं, राखणदार ठेवला, आणि कॉस्मसला नव्या वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं.

त्या क्वार्टरच्या भिंतींना मीठ फुटायचं. ऑलिव्ह महिन्याला एकदा ओल्या फडक्याने पुसून काढी, की पुन्हा पांढरा बुरा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून भरावाची जागा दिसे. ट्रक येऊन माती, विटांचे तुकडे, फुटक्या फरशा ओतून गेले, तिवरं आडवी झाली, आणि तरीही सकाळी बगळे यायचे. पाणी नाही, मासा नाही, चिखलात उड्या मारणारी निवटी नाही, नुसता विटांचा ढीग. त्यावर येऊन नेमक्या जुन्याच ठिकाणी उभे राहायचे, मान आत ओढून, दुपारपर्यंत. पावसाळा जाईपर्यंत ते येत राहिले. ऑलिव्ह म्हणायची, "अरे, ह्यांना सांगा ना कुणीतरी, तुमची जागा मनोरीला काढलीये." ती हे हसून म्हणायची. तो चहाचा कप घेऊन तिथे उभा राही आणि कामाला उशीर झाला की निघे. पुढे बगळे येईनासे झाले. कुठे गेले कोण जाणे. मनोरीला तरी गेलेले कुणी पाहिले नव्हते.

मार्वेच्या धक्क्यावर बोटीला वेळ होता. आई दगडी पायरीवर बसली होती, पिशवी मांडीवर. लपून राहण्यासारखं तिथे काही नव्हतं, आणि त्रेचाळीस वर्षांच्या माणसाने आईपासून लपावं हेही आता हास्यास्पद झालं होतं. तो समोर जाऊन उभा राहिला.

"तू? आज कसा?" तिने विचारलं. हात मात्र पिशवीवर गेला.

"उद्या साहेबलोक येणारेत झाडं बघायला. म्हटलं आजच येऊन राहावं." हे खरंच होतं. सोमवारी वनखात्याचे अधिकारी तपासणीला यायचे होते, बरोबर पेपरवाले. "पिशवीत काय?"

"काय नाय. बाजार."

"शिवल्या आहेत ना? मी बघितलं तुला, आये."

बोटवाल्याने हाक दिली तशी दोघं उठली. फळीवरून चढताना त्याने तिचा दंड धरला. भरतीचं पाणी अजून पुरतं उतरलं नव्हतं. पिशवीतल्या शिवल्या बोटीच्या हेलकाव्याबरोबर एकमेकींवर घासत होत्या. जिवंत होत्या अजून.

"आपल्या चिखलातल्या का नाही काढल्या?" त्याने विचारलं.

"आपल्या चिखलात आता तुजी झाडं हाय," ती म्हणाली. रागाने नव्हे. 'आज हवा पडली' म्हणावं तशी.

मग तुकड्या तुकड्याने ते बाहेर आलं. कुंपणाच्या आत पाय टाकायची मनाई होती. राखणदार शिट्टी मारायचा. कुंपणाबाहेर चिखलाची अरुंद, खडकाळ पट्टी तेवढी राहिली, तिथे गावातल्या सगळ्या बायकांनी मिळून जे होतं ते पहिल्याच वर्षी खणून काढलं. आता तिथे शिवलीचं पिल्लूही लागत नव्हतं. ज्यांच्या घरी नवरे दर्यावर जातात त्यांचं भागत होतं. ज्यांच्या घरी कुणी नाही, त्या विधवा, त्या म्हाताऱ्या, टोपली घेऊन मालाडला बसायच्या त्या आता घरी बसल्या होत्या.

"आणि मला कुणी बोललं नाही?"

"मीच बोल्ले त्यांना, गप ऱ्हावा. माज्या पोराने लावलीत. कोण तोंड उघडेल तर माजी पायरी चढू नका." तिने पाण्याकडे बघत सांगितलं. "चंपा बोलत होती, तुला सांगते म्हणून. तिचं न् माजं बोलणं बंद हाय आता."

त्याला पहिल्यांदा आईचा राग आला. मग तो राग वळून स्वतःवर आला, आणि तिथे तो बराच वेळ राहिला. त्याला हे ठाऊक असायला हवं होतं. पण कसं असणार? मनोरीत ओहोटीचा चिखल बायकांचा. लुगडं मांडीपर्यंत खोचल्याशिवाय त्या चिखलात उतरताच येत नाही, म्हणून ओहोटीच्या वेळी पुरुष तिकडे फिरकत नाहीत, आणि फिरकलेच तर नजर पलीकडच्या काठावर ठेवून चालतात. सात-आठ वर्षांचा होऊन पहिलं कम्युनियन झालं की मुलग्यालाही आई बरोबर नेत नाही. गावाची लाज आहे ती, पिढ्यान् पिढ्या पाळलेली, आणि चांगलीच आहे. पण कोठारे साहेबांना तो 'रिकामा' म्हणाला तेव्हा पस्तीस वर्षं नजर वळवून चाललेला पुरुष बोलत होता. न बघण्याची सवय लागली की जागा रिकामी होते. त्याआधीचं त्याला एवढंच आठवत होतं की चिखल वरून गार आणि आतून कोमट असतो, आणि आईच्या पोटऱ्या त्यात रुतलेल्या असतात, आणि ती मध्येच थांबून अंगठ्याला काय लागलं ते ओळखते नि हसते. ती त्या एकाच ठिकाणी हसताना त्याला आठवत होती. घरी ती फारशी हसत नसे.

दुपारी ओहोटी लागली तसा तो कुंपणापाशी गेला. जाताना पाय अडखळले. मागे कुणी 'परेराचा पोरगा बायकांच्या चिखलाकडे चाललाय' म्हणेल असं लहान मुलासारखं वाटून गेलं. कुणी काही म्हणालं नाही, कारण बायकाच नव्हत्या. ओळीने लावलेली तिवरं गुडघ्याएवढी झाली होती. पानं जाड, तकतकीत. रोपं जगली होती, चांगली जगली होती, हे बघून त्याला आनंद झाला आणि त्या आनंदाचीच भीती वाटली. राखणदार धोंडिराम झोपडीतून धावत आला. साताऱ्याकडचा माणूस. त्याने सलाम ठोकला.

"एक रोप गेलं नाही, साहेब. बाया लई तरास देत व्हत्या सुरुवातीला. आता कुनी येत न्हाई."

"बरं केलंस," कॉस्मस म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्याला ठेवला होता तो राखायलाच.

कुंपणाच्या टोकाला खडकावर एक बाई बसली होती. चंपा. त्याच्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठी, कोळीवाड्यातली, लहानपणी त्याला कडेवर घेऊन फिरलेली. टोपली रिकामी होती. ती उठली नाही, लुगडंही सारखं केलं नाही.

"काय रं, आलास? बघ तुजी बाग."

"चंपाबाय, मला ठाऊक नव्हतं गं."

"ठाऊक नव्हतं तं इचारायचं व्हतं," ती म्हणाली. "तोंड हाय ना तुला?" आणि जरा थांबून, "झाडां चांगली हायेत. झाडांवर माजा राग नाय. पन ती हितं कशाला, कोणाच्या बदल्यात, ता कोण सांगंल?"

त्याने सांगायला सुरुवात केली. कांदिवलीचं खाजण, कारखाना, दुप्पट झाडं. बोलता बोलता त्याचं त्यालाच ते ऐकू येऊ लागलं. कांदिवलीचे बगळे गेले त्याच्या बदल्यात मनोरीच्या शिवल्या गेल्या. आणि उद्या ही रोपं पास झाली की कांदिवलीचं उरलेलं खाजण जाईल, आणि त्याच्या बदल्यात ह्या कुंपणापलीकडचा उरलेला चिखल. नकाशावर तो भाग हिरव्या पेन्सिलीने रंगवलेला त्याने स्वतः पाहिला होता. तिथे कोठारे साहेब म्हणाले होते, 'दुसरा टप्पाही तुमच्याच गावी, परेरा.' तो वाक्य अर्धं सोडून उभा राहिला. चंपा टोपली उचलून निघून गेली.

संध्याकाळी आईने शिवल्या मिठाच्या पाण्यात भिजत घातल्या, वाळू सुटावी म्हणून. घरात दिवा एकच, फोटोखाली. फोटोतला थोरला खुर्चीवर उभा होता, नव्या बुटांत, फोटोवाल्याला घाबरलेला. कॉस्मस लहानपणी त्या फोटोसमोर तसाच खुर्चीवर उभा राहून बघायचा, चेहरा तसाच करायचा. आईने एकदा पाहिलं आणि खुर्ची काढून घेतली. ती तेव्हा का रडली हे त्याने विचारलं नव्हतं. आज विचारावंसं वाटलं, पण निघाला दुसराच प्रश्न. तो इतका जुना होता की तोंडातून येताना परका वाटला.

"आये, मी झालो तेव्हा तुझी भरपाई झाली का गं?"

"कसली?"

"थोरल्याची. फादर म्हणाले होते ना."

आईने पातेल्यातला हात काढला नाही. "फादरला काय जातंय बोलायला. नाव तुज्या बाबाने ठेवलं, मला कोणी इचारलं नाय. मी तुला कधी कॉस्मस बोल्ले कं?"

तो आठवू लागला. धाकट्या, ये जेवायला. धाकट्या, बोट चुकेल. धाकट्याची बायको. धाकट्याचं क्वार्टर. शाळेच्या दाखल्यावर, चर्चमध्ये, कंपनीत, सगळीकडे तो कॉस्मस होता. ह्या घरात, ह्या बाईच्या तोंडून, एकदाही नाही. इतकी वर्षं हे त्याच्या कानांवर पडत होतं आणि त्याने ऐकलं नव्हतं.

"नाव त्याचं," ती म्हणाली. "तो गेला तो गेला. त्याची जागा तशीच हाय, रिकामी, इथं." ओल्या हाताने तिने छातीला हात लावला, लुगड्यावर ओला डाग पडला. "तिच्यात तुला कशाला घालीन मी? तू आलास तं तुजी वेगळी केली. भरपाई काय, मेल्या! पोर काय फुटलेला माठ हाय, दुसरा आणला की झालं?"

त्याला रडू येत होतं आणि ते आलं. आईने बघितलं, बघून न बघितल्यासारखं केलं, आणि शिवल्यांचं पाणी बदललं. मग म्हणाली, "पन ताट तू खायचास ते मला बरं वाटायचं. वाया जात नव्हतं." तो रडता रडता हसला. असा हलका तो कधी झाला नव्हता, आणि त्यातच त्याला कळलं की उद्या आपण काय बोलणार आहोत. ते कळल्यावर मात्र हलकेपणा गेला. ऑलिव्ह डोळ्यांपुढे आली, मीठ फुटलेली भिंत पुसणारी. ती म्हणेल, 'तुला काय पडलंय रे? आपण जायचं कुठे?' आणि तिचं काही चुकीचं असणार नव्हतं.

तपासणी भरतीच्या वेळेला ठेवली होती. ती कोठारे साहेबांची पद्धत. फोटो चांगले येतात. चिखल सगळा पाण्याखाली, कुंपणाचे बांबूही निम्मे बुडालेले, आणि पाण्यावर ओळीने हिरवे शेंडे हलत होते. खरंच सुंदर दिसत होतं. अधिकारी मनोरीच्या धक्क्यावर उभे होते. उन्हाने डोळे बारीक केलेले, शांत गृहस्थ. पेपरवाल्यांनी फोटो काढले. कोठारे साहेब मोकळ्या आवाजात सांगत होते, "इथे काहीही नव्हतं. ओसाड चिखल. गवताची काडी उगवत नव्हती. आमचे परेरा इथलेच, त्यांनाच विचारा. काय परेरा?"

एक शब्द पुरणार होता. हो म्हटलं की सगळे चहाला वळणार होते. पाण्याखाली काय आहे हे त्या धक्क्यावर उभ्या असलेल्यांत फक्त त्याला ठाऊक होतं, आणि तेही कालपासून. गावातले काही लोक लांब उभे होते. त्यांत चंपा होती. आई नव्हती.

"ओसाड नव्हतं, साहेब," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला तेवढा मोठा निघाला नाही, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "ओसाड नव्हतं. ह्या चिखलात शिवल्या होत्या. आमच्या बायका काढायच्या. मीच रिकामा म्हणालो होतो, कारण आमच्यात पुरुष तिकडे बघत नाहीत. ती चूक माझी."

कोठारे साहेब हसले. "परेरा हळवे आहेत. गाव आहे ना त्यांचं." मग अधिकाऱ्यांकडे वळून, "पण आता झाडं आहेत. उत्तम वाढलीत. तुम्ही बघताच आहात."

"झाडं आहेत," कॉस्मस म्हणाला. "ती उपटू नका. ती बिचारी जगलीत, त्यांची त्यांना जागा आहे. पण ती कांदिवलीच्या बदल्यात धरू नका. कांदिवलीचं गेलं ते गेलं. ते इथे आलेलं नाही. इथलं आणखी एक गेलंय." त्याने हात पाठीमागे घेतले. "पलीकडचा चिखल राहिलाय. ओहोटीला या, साहेब. मी दाखवतो. नाही, मी नको. चंपाबाय दाखवेल."

पाणी पायरीवर आपटत होतं. अधिकाऱ्यांनी लांब उभ्या असलेल्या बायकांकडे बघितलं, मग पाण्याकडे. "ओहोटी किती वाजता असते?" त्यांनी विचारलं, आणि चंपाने लांबूनच ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "मग मला पुन्हा यावं लागेल. तोपर्यंत दुसऱ्या टप्प्याचं काही नको." एवढंच. ते पुन्हा येतील की नाही, आले तर काय लिहितील, हे देवाला ठाऊक. बोटीत बसण्याआधी कोठारे साहेब त्याच्याजवळ आले. रागावलेले दिसले नाहीत, थकलेले दिसले. "उद्या सकाळी मला केबिनमध्ये भेटा, परेरा. आणि क्वार्टरचे कागद बरोबर आणा." त्यांच्या आवाजात थोडं दुःखही होतं. त्याचं कॉस्मसला फार वाईट वाटलं. ते कुंडीला खरोखरच मनापासून पाणी घालत, रोज.

कबरस्तानातून घरी पोचेपर्यंत दुपार झाली. क्रूसावरच्या नावासमोर मेणबत्ती लावताना त्याला आज ते नाव वाचता आलं, दुसऱ्या कुणाचं नाव वाचावं तसं. चार वर्षांच्या मुलाचं. त्या मुलाचं त्याला पहिल्यांदाच वाईट वाटलं. आजवर तिथे उभं राहून तो स्वतःचंच वाईट वाटून घेत आला होता. आईने ताटं वाढली होती, एक फोटोपुढे, एक त्याच्यासाठी. चंपाचं आणि तिचं बोलणं सुरू झालं असावं, कारण धक्क्यावरचं तिला सगळं कळलेलं होतं. दोघांनी प्रार्थना म्हटली. ती संपल्यावर आईने सवयीने थोरल्याचं ताट उचललं आणि त्याच्याकडे वळली.

त्याने आपल्या ताटावर हात आडवा धरला. "नको, आये. माझं आहे माझ्यापुढे."

ती ताट घेऊन तशीच उभी राहिली. फोटोकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. परत ठेवता येत नव्हतं आणि टाकता येत नव्हतं. मग गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसली, ताट मांडीवर घेतलं आणि एक शिवली उचलून तोंडात घातली. थोरला गेल्यापासून तिने शिवली खाल्लेली त्याने कधी पाहिली नव्हती. काढायची, शिजवायची, वाढायची, पण स्वतः नाही. ती चावत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

"वाळू हाय," ती म्हणाली. "बाजारातली ना. किती बी धुतली तरी नाय जायची."

त्याच्याही दातांखाली वाळू कचकचली. दोघं जेवत राहिली. बाहेर ओहोटी लागली असणार. चिखलाचा वास घरात येऊ लागला होता. तिने सगळं ताट संपवलं, रश्शासकट, आणि बोटं चाटली.

"क्वार्टर काढून घेतील कं?"

"घेतील."

"मग ऑलिव्हला घेऊन इकडं ये." तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "त्याच्या कोपऱ्यात नाय हां. त्या खिडकीकडं. ती तुजी."